उजव्या काडीचा स्क्रू

वसतिगृह, ६ जुलै

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. खरोखरच वाकले आहे, पेनाचं टोपण पलंगाखाली गेलंय.

पत्र बघून दचकू नकोस. दुकानात फोनवर बोलायला लागलं की समोरचं गिऱ्हाईक काचा सोडून आपलंच बोलणं तपासत बसतं, असं तूच म्हणालीस. म्हणून हा कागदी कारभार. बाबांना यातलं काही सांगू नकोस. मी मानसशास्त्र घेतलं तेव्हाच ते म्हणाले होते की पोरगी आता घरातल्यांच्या डोक्यात डोकावणार.

तर बातमी अशी की मला आजार झालेत. एक नाही, पुष्कळ. पुस्तकाचे शेवटचे धडे मी आधी वाचून काढले, कारण तेच चमचमीत असतात, आणि प्रत्येक पानावर मीच! दार लावलं की नाही ते मी पुन्हा जाऊन बघते. चारचौघांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. कधी उगाच रडू येतं, कधी उगाच हसू. खोलीतली मैत्रीण कपाटात कपडे रंगांप्रमाणे लावते, तिलाही मी एक आजार काढून दिला. तेव्हापासून तिने अबोला धरलाय. अबोल्यालाही पुस्तकात नाव आहे, पण ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

शेवटी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षाला सगळ्यांना सगळं होतं. धडा संपला की उतरतं."

आता कामाचं. बाईंनी प्रत्येकाला एक अभ्यास दिलाय. एका जिवंत माणसाची एक सवय सत्रभर बघायची, ती कशाच्या जोरावर टिकते ते शोधायचं आणि वर्गापुढे मांडायचं. मैत्रिणीने सपशेल नकार दिला. मी स्वतःला घेतलं असतं, पण बाई म्हणाल्या की आपल्याच मनात बघणाऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही. तुझ्या दुकानात दिवसभर माणसं येतात, खुर्चीत बसतात, तू सांगशील तिकडे बघतात. त्यांच्यात कोणी आहे का, पुन्हा पुन्हा तेच करणारं? मी इथून सांगेन, तू तिथे बघ.

तुझी (सध्या बारा आजारांनी त्रस्त)
चिमी

*

दुकान, १३ जुलै

चि. चिमे,

तुझे सगळे आजार वाचले. दुसरीत असताना फळा दिसत नाही म्हणून तू रडत माझ्याकडे आली होतीस, आठवतं? तपासलं तर डोळे ठणठणीत. बाकावरच्या मैत्रिणीला चष्मा लागला होता, म्हणून तुलाही हवा होता. तेव्हा बिनकाचेची फ्रेम देऊन तुला बरं केलं होतं. या वेळी पुस्तक मिटून बघ.

मी इथे काय बघणार? म्हातारे वाचायच्या चष्म्यासाठी येतात, तरुण मिरवायच्या चष्म्यासाठी. तेच तेच करणारं म्हणशील तर एक आहेत. मागच्या गल्लीत छापखाना आहे, तिथे ते मुद्रितशोधक आहेत. छापायच्या आधी मजकुरातल्या चुका काढतात. दर गुरुवारी दुपारी येतात. उजव्या काडीचा स्क्रू सैल झालेला असतो. मी आवळून देते, ते आरशात बघतात, आभार मानतात, जातात. पुढच्या गुरुवारी स्क्रू पुन्हा सैल. मी घट्टच बसवते हो. फ्रेमच तसली आहे, बिजागरी झिजलीय. नवी घ्या म्हटलं तर म्हणतात, या चष्म्याला माझं नाक सवयीचं झालंय.

बसतात थोडा वेळ. दुपारी गर्दी नसते, माझा चहा होतच असतो, मग त्यांनाही देते. बिस्किटं असली तर बिस्किटं. यात अभ्यास करण्यासारखं काय आहे ते तुला ठाऊक. मला आपलं सुचलं म्हणून लिहिलं. दुसरं कोणी सापडलं तर सोडून दे हे.

जेवणाची आबाळ करू नकोस. मैत्रिणीची माफी माग.

आत्या

*

वसतिगृह, १८ जुलै

आत्या, तू सोनं आहेस!

मैत्रिणीची माफी मागितली, तुझं पत्र वाचून दाखवलं, आणि ती इतकी हसली की अबोला तिथेच संपला. आता आम्ही दोघी मिळून तुझ्या गिऱ्हाइकावर नजर ठेवून आहोत.

ऐक. आम्ही नेमका हाच धडा शिकतोय. पेटीत उंदीर ठेवतात. त्याने कळ दाबली की दाणा पडतो. उंदराला कळतं, कळ दाबावी आणि दाणा खावा. पुस्तकात याला मोठं थोरलं नाव आहे, बाई नुसतं बक्षीस म्हणतात. आता बघ, तुझं दुकान म्हणजे पेटी. सैल स्क्रू म्हणजे कळ. चहा-बिस्कीट म्हणजे दाणा! तुझ्या त्या गृहस्थांना चहाची चटक लागलीय, आणि ते त्यांचं त्यांनाही माहीत नसणार. आम्ही त्यांचं नाव उंदीरकाका ठेवलंय.

गंमत म्हणजे दर वेळी दाणा मिळाला तर उंदीर आळसावतो. कधी मिळाला, कधी नाही, असं केलं की वेड्यासारखा कळ दाबत सुटतो. तेव्हा पहिली पायरी अशी: एका गुरुवारी चहा दे, एका गुरुवारी देऊ नकोस, मग दे. काय होतं ते बारीकसारीक सगळं लिही. आणि चेहरा कोरा ठेव. प्रयोग करणाऱ्याने उंदराकडे बघून हसायचं नसतं.

चिमी

*

दुकान, ९ ऑगस्ट

चि. चिमे,

आधी एक गोष्ट. त्यांना उंदीर म्हणू नकोस. चांगले उंच आहेत, आणि दाराशी पायपुसण्यावर चपला नीट काढून येणारं माझं ते एकमेव गिऱ्हाईक आहे.

तू सांगितलंस तसं केलं. पहिल्या गुरुवारी चहा दिला. कप नवे आहेत, निळ्या काठाचे. जुन्याचा कान तुटला होता म्हणून घेतले, नाहीतर तू त्यातूनही काहीतरी काढशील. दुसऱ्या गुरुवारी चहा केलाच नाही. ते नेहमीसारखे बसले, किटलीकडे एकदा बघितलं. आणि काय सांगू, शुक्रवारी हजर! स्क्रू सैल! म्हणाले, "कालचा बसला नाही बहुतेक." मला चेहरा कोरा ठेवता आला नाही. आला नाही तर नाही, मी काही तुझ्या कॉलेजात शिकत नाही.

आणखी एक. त्यांनी नंबर तपासून मागितला. महिन्यापूर्वीच तपासला होता, तरी मागितला. खुर्चीत बसवलं, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघायला सांगितलं, तर सगळ्यात खालची ओळ धडाधडा म्हणून दाखवली. मला संशय आला. दिवा मालवला. अंधारात तक्ता दिसतच नव्हता, तरी पुन्हा तीच ओळ, त्याच क्रमाने! तक्ता पाठ करून बसलेत. मी म्हटलं, असं असेल तर तुमचा नंबर मला या जन्मी कळायचा नाही. तर म्हणाले, "दिवसभर वाक्यं वाचतो आणि प्रत्येकात चूक शोधतो. तुमच्या तक्त्यात वाक्यच नाही. तिथे डोळ्यांना बरं वाटतं."

मी त्यांच्यासाठी नवा तक्ता हाताने लिहून काढतेय. ब्रश जाड आहे, खालची ओळ नीट येत नाही. त्यांना आलं घातलेला चहा आवडत नाही. त्यांना एक बहीण आहे, ती दूर असते. वाचताना ओठ हलतात त्यांचे, थोडेसेच. बोलायला बरं वाटत असावं त्यांना इथे.

एवढं पुरे का?

आत्या

*

वसतिगृह, १६ ऑगस्ट

आत्या,

पुरे का म्हणतेस? तुझं पत्र मी बाईंना दाखवलं (तुझं नाव झाकून), आणि त्या दोनदा वाचून म्हणाल्या, "निरीक्षण फार बारीक आहे." ओठ हलतात हेसुद्धा टिपलंस! मैत्रीण म्हणते, तुझ्या आत्याने या विषयात पदवीच घ्यायला हवी. बाई पत्र परत देताना गालातल्या गालात हसत होत्या. का ते कळलं नाही, बहुधा कौतुकाने.

आता एक चूक दाखवते, रागावू नकोस. "बोलायला बरं वाटत असावं" असं तू लिहिलंयस. याला पुरावा काय? या आठवड्यात आम्ही हेच शिकलो. आपल्याला जे हवं असतं तेवढंच आपण टिपतो आणि बाकीचं सोडून देतो. आता तुला असं काही हवंय असं मी म्हणत नाही. पण अभ्यासात अंदाजाला जागा नाही. शुक्रवारी ते परत का आले? गुरुवारचा चहा बुडाला म्हणून! सरळ हिशोब आहे.

आता शेवटची पायरी. बक्षीस कायमचं बंद करायचं. उंदीर थोडे दिवस कळ दाबतो आणि मग नाद सोडतो. उंदीरकाका यायचे थांबले, तर ते चहासाठीच येत होते हे सिद्ध. म्हणजे या गुरुवारपासून चहा बंद. बिस्कीटही नाही. किटली नजरेआड ठेव.

जाता जाता एक. वर्गात एकाने विचारलं, स्क्रू दर आठवड्याला सैल होतोच कसा, दुकानवालीला आवळता येत नाही का? मी त्याला असं झापलं! म्हटलं, माझ्या आत्याच्या हाताखालून गेलेला चष्मा रोलरखाली गेला तरी हलायचा नाही. दोष फ्रेमचा आहे. बरोबर ना?

चिमी

*

दुकान, २३ ऑगस्ट

चि. चिमे,

बरोबर. दोष फ्रेमचाच.

गुरुवारी सांगितलंस तसं केलं. किटली आत ठेवली. त्यांचा स्क्रू चांगला आवळून दिला. ते बसले. मी हिशेबाच्या कामात आहे असं दाखवलं. थोड्या वेळाने उठले, आभार मानले आणि गेले. चपला घालायला त्यांना जरा वेळ लागला.

नवा तक्ता तयार झालाय. तो लावायचा राहिला.

आत्या

*

वसतिगृह, १४ सप्टेंबर

आत्या! आत्या! आत्या!

तू काल दादाच्या लग्नाच्या गडबडीत फोनवर एवढंच म्हणालीस, "ते आता येत नाहीत." इतकी मोठी बातमी, आणि तू ती ओझरती सांगून साड्यांकडे वळलीस!

सिद्ध झालं! चहा गेला, माणूस गेला. मी वर्गापुढे मांडलं. घशाला कोरड पडली, पण शेवटी टाळ्या पडल्या. रोलरचा विनोदही पुन्हा मारला. ज्याला झापलं होतं तोही हसला. गुण अजून द्यायचेत, पण मैत्रीण म्हणते की सगळ्यात जास्त मलाच मिळणार.

आता तू चहा पुन्हा सुरू कर हवं तर. पुस्तकात लिहिलंय की गेलेली सवय मधूनच आपोआप परत येते. एखाद्या गुरुवारी येतील बघ तुझे उंदीरकाका. नाही आले तरी काय बिघडलं? एक फुकट्या कमी झाला.

तुझी विजयी
चिमी

*

वसतिगृह, ३० सप्टेंबर

आत्या, तुझं उत्तर नाही. फोन केला तर म्हणालीस, गिऱ्हाईक आहे. मागून तर काहीच आवाज नव्हता. माझं काही चुकलं का?

चिमी

*

दुकान, ५ ऑक्टोबर

चि. चिमे,

तुला लिहायचं नव्हतं. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना, आणि तू असतेस तेव्हाच मला बोलता येतं, मग तू कितीही मूर्खपणा कर.

काल मी दुकानाच्या दारात काच पुसत उभी होते. रस्त्याच्या पलीकडून ते जात होते. त्यांच्या नाकावर नवा चष्मा होता. दुसऱ्या दुकानातला. मोठ्या रस्त्यावर ते झगझगीत दुकान आहे ना, तिथला. मला फ्रेम बघून लांबूनच कळलं. आणि कसा बसवलाय! डावी बाजू वर, उजवी खाली. दिवसभर वाचणाऱ्या माणसाला असा चष्मा देतात? कपाळ दुखत असेल त्यांचं. मी हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिले. त्यांनी इकडे बघितलं नाही. बघितलं नाही असं नाही, बघून मान खाली घातली.

आत येऊन बसले तर डोळ्यांत पाणी. काच पुसायच्या औषधाचा वास उग्र असतो, असं मी स्वतःलाच सांगितलं. मग म्हटलं, खोटं कोणाशी बोलतेस?

ऐक आता. तो स्क्रू मी कधीच पूर्ण आवळला नाही. पहिल्यांदा ते आले तेव्हा चुकून अर्धा फेरा कमी राहिला असेल, देव जाणे. पुढच्या गुरुवारी ते आले, बसले, बोलले, आणि दुकानातली दुपार कशी सरली ते कळलं नाही. मग मी दर वेळी अर्धा फेरा शिल्लक ठेवू लागले. या धंद्यात केस पिकले माझे. माझ्याकडून स्क्रू सैल राहतो का? दोष फ्रेमचा नव्हता. तुझ्या वर्गातल्या त्या मुलाने बरोबर विचारलं होतं, आणि तुझं पत्र वाचून मला वाटलं, आपली चोरी पकडली जाणार, भाची चारचौघांत तोंडघशी पडणार. म्हणून त्या गुरुवारी मी चहा तर बंद केलाच, वर स्क्रूला तो पक्का करायचा गोंद लावला. एक थेंब. तो सुकला की स्क्रू जन्मात हलत नाही.

चहासाठी येत होते म्हणतेस. असतीलही. पण मला त्यांची वाट बघायची सवय लागली गं. गुरुवारी सकाळपासून मी दाराकडेच बघत असते, अजूनही. तुझ्या पुस्तकात यावर काही असेल तर मला सांगू नकोस.

आत्या

*

वसतिगृह, ९ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र मी जिन्यात उभ्याने वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. मैत्रिणीने वाचलं आणि मला म्हणाली, "तू गाढव आहेस." या वेळी कोणतंही शास्त्रीय नाव तिने वापरलं नाही.

मी बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे तू पहिल्या आठवड्यात शिकलीस. इथे चहा गेला आणि त्याच दिवशी स्क्रूही पक्का झाला. मग माणूस कशामुळे गेला? चहामुळे, की यायला निमित्त उरलं नाही म्हणून? तुझा निष्कर्ष रद्द. टाळ्यांसकट.

मी म्हटलं, ठीक आहे. मला वाटलं सुटले. तर म्हणाल्या, "त्याहून मोठी चूक राहिलीय. त्या गृहस्थांना तू विचारलं होतंस?" मी नाही म्हटलं. बाई म्हणाल्या, आपल्या विषयात एक नियम पाळतात. कोणावर प्रयोग केला आणि त्याच्यापासून काही लपवलं, तर प्रयोग संपल्यावर त्याला बसवून सगळं खरं सांगायचं. काय केलं, का केलं, कोणी केलं. तो माणूस मनात भलतंसलतं घेऊन निघून जाता कामा नये. हे झाल्याशिवाय त्या मला गुण देणार नाहीत.

मी येऊन सांगितलं असतं. पण त्यांनी मला कधी बघितलंही नाही, आणि स्क्रू काही मी सैल ठेवला नव्हता. तुलाच जावं लागेल. गिऱ्हाईक येईल म्हणून दुकानात बसून चालणार नाही, आणि हातात काही निमित्तही नाही. मला कळतंय मी काय मागतेय.

आत्या, मी इथे बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. कप नवे घेतलेस, आलं आवडत नाही असं लिहिलंस, तक्ता रंगवलास, आणि मी त्याला निरीक्षण म्हटलं. मला दिसायला हवं होतं. पत्रातलं प्रत्येक वाक्य ओरडून सांगत होतं आणि मी चहाचे कप मोजत होते. मला माफ कर. त्यांना फुकट्या म्हटलं, तेही परत घेते.

जाशील ना?

तुझी
चिमी

*

दुकान, १९ ऑक्टोबर

चि. चिमे,

गेले. तुझ्या गुणांसाठी गेले, हे आधी नीट वाच.

दुकानाला कुलूप लावून भर दुपारी मागच्या गल्लीत शिरले. छापखान्यात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. आत यंत्राचा असा खडखडाट की स्वतःचा श्वास ऐकू येऊ नये. शाईचा वास, जमिनीवर कागदांचे गठ्ठे. त्यांचं टेबल एका कोपऱ्यात, खिडकीखाली. लाल पेन घेऊन वाकून वाचत होते. ओठ हलत होते. कपाळावर एक हात होता. दुखतच असणार, मी म्हटलंच होतं.

मला बघून उभे राहिले. मी वाटेत सगळं नीट जुळवून ठेवलं होतं. भाची शिकते, तिचा अभ्यास होता, तुम्हाला न विचारता केला, माफ करा. तोंड उघडलं तर त्यांना एक अक्षर ऐकू जाईना. त्यांनी कानाला हात लावला. मी मोठ्याने बोलले. तरी नाही. मग जीव खाऊन ओरडले, "तुमचा स्क्रू मी मुद्दाम सैल ठेवत होते!" आणि नेमका तेवढ्यात यंत्रातला कागद संपला. सगळं थांबलं. माझं वाक्य छापखानाभर घुमलं. यंत्रावरची चार माणसं माझ्याकडे बघत राहिली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. ते मात्र त्या माणसांकडे वळून शांतपणे म्हणाले, "पुढचा कागद लावा." मग मला बाहेर ओट्यावर घेऊन आले.

तिथे मी सगळं सांगितलं. पेटी, दाणा, कधी चहा कधी नाही, तक्ता, गोंद. तुझं नावसुद्धा. उंदीरकाका हे नावही सांगितलं, कारण नियम म्हणजे नियम. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकही चूक काढली नाही.

मग खिशात हात घालून त्यांनी जुना चष्मा काढला. उजवी बिजागरी तुटलेली. मी म्हटलं, हे कसं झालं? तर मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही अर्धा फेरा ठेवायचात. तेवढ्याने काडी पडत नाही हो. बाकीचा मी बुधवारी घरी सैल करायचो. कागद कापायच्या सुरीच्या टोकाने."

चिमे, मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

म्हणाले, "त्यानंतरच्या बुधवारीही बसलो. स्क्रू हलेना. जोर लावला तर बिजागरी तुटली. मला वाटलं, चहा नाही, आणि स्क्रूला गोंद. दोन्ही एकाच दिवशी. बाईमाणसाने याहून स्पष्ट आणखी काय सांगायचं? येऊ नका म्हणून सांगितलंय, समजून घ्यावं. तुटलेला चष्मा घेऊन तरी कोणत्या तोंडाने येऊ? म्हणून तिकडे गेलो."

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. दोन्ही एकदम. तुझ्या पुस्तकात बघ, सापडेल कुठेतरी. मी त्यांच्या नाकावरचा तो नवा चष्मा काढून घेतला. विचारलं नाही. पर्समध्ये माझा बारका स्क्रू-ड्रायव्हर असतोच. तिथेच ओट्यावर बसून त्याची डावी बाजू खाली आणली, काड्या कानांमागे वळवल्या, पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि बोटाने नाकावर नीट बसवला. ते हलले नाहीत. म्हणाले, "आता कुठे नीट दिसतंय."

शेवटी स्क्रू आवळताना मी थांबले. त्यांनीही बघितलं. मी म्हटलं, "हा मी पूर्ण आवळतेय. अर्धा फेराही शिल्लक ठेवणार नाही. सुरी लावायची नाही. यायचं असेल तर निमित्ताशिवाय यायचं."

त्यांनी मान हलवली एवढंच. तेवढ्यात यंत्र सुरू झालं.

आता तू सांग, तुझे गुण दिले का बाईंनी? आणि गुरुवार परवा आहे. माझा जीव टांगणीला लागलाय, हे मी तुलाच लिहितेय.

आत्या

*

वसतिगृह, २२ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र वर्गात वाचलं नाही. बाईंना तेवढं एकटीला दाखवलं, तुझं नाव न झाकता. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, वर्गापुढे उभी राहा आणि तुझं काय काय चुकलं ते सांग. मी सांगितलं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत, पण कोणी जांभईही दिली नाही. काठावर पास झाले. शेरा असा आहे: "विद्यार्थिनीने दोन उंदरांपैकी एकावरच लक्ष ठेवले."

दुसरा उंदीर म्हणजे तू गं. की मीच होते तिसरी?

गुरुवारी काय झालं? मी इथे नखं खातेय. मैत्रीणसुद्धा खातेय, आणि ती तर कधीच खात नाही. ताबडतोब कळव.

चिमी

*

दुकान, २४ ऑक्टोबर

चि. चिमे,

हे कार्ड दुकानाच्या टेबलावरच लिहितेय, घाईत.

गुरुवारी दुपारी किटली बाहेर काढली तर दूध नासलेलं. दुसरं आणायला जावं, तर तेवढ्यात कोणी येऊन परत गेलं तर? म्हणून गेलेच नाही. म्हणजे चहा नाही. स्क्रू पक्का. बिस्किटंही संपली होती, कारण ती मीच घाबरून खाल्ली होती. तुझ्या बाईंना सांग, या वेळी बक्षीस म्हणून इथे काहीच नव्हतं.

आले. चपला पायपुसण्यावर नीट काढल्या. चष्मा दाखवून म्हणाले, "काही तक्रार नाही." मग उगाच उभे राहिले. मी म्हटलं, बसा, पण चहा मिळायचा नाही, दूध नासलंय. तर पिशवीतून दुधाची पिशवी काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "मागच्या वेळी मिळाला नव्हता, म्हटलं या वेळी आपणच आणावं."

नवा तक्ता भिंतीवर लावलाय. त्यांनी तो वाचून बघितला. खालच्या ओळीत माझी एक चूक सापडली म्हणतात, आणि ती दुरुस्त करायला उद्या परत येणार आहेत. उद्या गुरुवार नाही.

आत्या